धुतलेल्या गाडीचं वादळ

आमच्या गल्लीत एका घराचा स्लॅब पडलाय. वर वाफे करून पाणी भरलंय, आणि संध्याकाळी गच्चीवर आलो की ओल्या सिमेंटचा तो गार, जरासा कडवट वास येतो. अत्तराचा शौक मला कधीच नव्हता, हा वास पुरतो. त्यात आज मोबाइलवर बंगालच्या उपसागरातलं वादळ भिंगरीसारखं गरगरतंय. हा वास आणि वादळ एकत्र आले की मी थेट मराठवाड्यातल्या सेलूच्या फलाटावरच्या बाकावर जाऊन बसतो, नामांतराचं आंदोलन पेटलं होतं त्या वर्षांत.

तेव्हा आम्ही तिघं वादळवेडे होतो. एक निवृत्त रेल्वे गार्डसाहेब, एक कापसाचे आडते, ज्यांना सगळं गाव शेटजी म्हणे, आणि मी, भीमनगरातला, हायस्कुलात भूगोल शिकवायला नुकताच लागलेला. शेटजींना हे वेड उघड्यावरच्या कापसापायी लागलं, गार्डसाहेबांना कशाची तरी वाट पाहायची सवय सुटेना म्हणून; माझं मलाच सांगता येणार नाही. रेडिओवर वादळ जिथं सांगतील तिथं मी फलाटावर आणलेल्या शाळेच्या नकाशावर करडईची बी ठेवी, कारण टाचण्या टोचायला हेडमास्तरांची सक्त मनाई होती. दोन बियांमधलं अंतर वाढलं की वादळ घाईत आहे, वाऱ्याचा वेग उतरला की त्याचा दम सुटतोय, एवढं आम्हांला कळे. किनारा ओलांडून ते तेलंगणात शिरलं की रेडिओ त्याला विसरून जाई, आणि मग आमची मदार हैदराबादच्या काचीगुड्याहून येणाऱ्या गाडीवर. स्टेशनाच्या पुलावर चढून डब्यांची छपरं बघायची, ओली दिसली की पाऊस कुठवर पोचला ते उतारूंना विचारायचं. एकदा निथळणारी छपरं पाहून आम्ही इतके हुरळलो, की विचारायचंच विसरलो आणि अख्ख्या मोंढ्याच्या बाजाराला ताडपत्र्या घालायला लावल्या. दिवसभर लख्ख ऊन. गाडी वाटेत पूर्णा जंक्शनला धुतली होती. पुढं कित्येक महिने पानटपरीवर आमची चौकशी व्हायची, आज गाडी धुतली का म्हणून.

अशी आमची पत, आणि त्यातच वैशाखात उपसागरात मोठं वादळ उठलं. आमच्या वस्तीतल्या विहाराचं बांधकाम तेव्हा स्लॅबपर्यंत आलं होतं. सिमेंट परमिटवर मिळे. वस्तीचं महिला मंडळ चालवणाऱ्या मावशीनं तहसिलीच्या चकरा मारून ते मिळवलं होतं. स्लॅब बुद्धपौर्णिमेला टाकायचा ठरला होता, कारण बाहेरगावी कामाला गेलेली माणसं तेव्हाच परतणार होती. इकडं करडईच्या बिया आमच्या दिशेनं सरकत होत्या. पाऊस नेमका पौर्णिमेला येणार, असा आमचा तिघांचा हिशेब निघाला. ओल्या स्लॅबवर तो कोसळला तर सिमेंट वाहून जाणार, आणि विहार कुणास ठाऊक किती वर्षं तसाच राहणार. एक दिवस आधी टाकला तर मात्र रात्रीतून घट्ट झाला असता. हे सांगायला मी मावशीकडं गेलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, ह्या बारीला बी गाडी धुतलेलीच न्हाई ना?"

"न्हाई मावशी. निजामाबादचे उतारू भिजून आल्ते. आमी इचारलं."

"मंग स्लॅब उद्याच. वंदना पौर्णिमेला करू. पर मानसं कुठून आनायची?"

त्या दिवसांत भीमनगर आणि गाव यांच्यातलं बोलणं तुटक झालं होतं. दुकानात सामान मिळे, दोन शब्द मिळत नसत. फलाटावर माझ्या शेजारी बसणारे शेटजी आमच्या वस्तीत कधी आले नव्हते, आणि मीही त्यांना कधी बोलावलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाकावर माणसांची अडचण सांगितली तीही बोलण्याच्या ओघात. शेटजींनी नकाशावरची एक बी उचलली.

"तारीख आपनच हालवली, मास्तर," ते म्हणाले. "आता निभवावं बी आपनच लागंल."

गार्डसाहेब म्हणाले, "घमेला उठाना मेरे से नै होता. पानी पिलाताऊँ सबको."

सकाळी शेटजी मोंढ्यातले हमाल आणि बैलगाडीभर ताडपत्र्या घेऊन हजर झाले. स्वतः धोतर खोचून रांगेत उभे राहिले आणि थोड्याच वेळात एक घमेलं अंगावर सांडून घेतलं. मावशी पदराआड हसली. "शेटजी, तुमी आपल्या ताडपत्र्याच सांभाळा." शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा दिवस मावळत होता. मावशीनं सगळ्यांना चहा केला. शेटजींनी कप घेतला, फुंकर मारली आणि प्यायले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी सिमेंटच्या नावावर खपवलं.

पौर्णिमेला दुपारी आभाळ भरून आलं. स्लॅब घट्ट झाला होता, आणि आता अडचण उलटी होती. त्याला पुढं बरेच दिवस पाणी पाजायचं होतं, अन् वैशाखात आमच्या आडाचा तळ दिसायचा. मग ताडपत्र्या काढल्या, वाफे बांधले, आणि ज्या वादळाची धास्ती घेतली होती त्याचीच वाट बघत सगळे वर उभे राहिलो. आला तो संथ, सरळ पाऊस. वाफे काठोकाठ भरले. वंदनेआधी मावशी म्हणाली, "तिकडं किनाऱ्यावर ज्यांची घरं गेली, त्यांच्यासाठी आधी उभं ऱ्हाऊ." हमालांसकट सगळे ओलेत्यानं स्तब्ध उभे राहिले.

गार्डसाहेब आता नाहीत, शेटजीही नाहीत. मघाशी मावशीला फोन केला. ऐकायला कमी येतं, पण आवाज तसाच आहे. विहार कुठं गळतो का, असं मोठ्यानं विचारलं.

"एक थेंब न्हाई. तू नवीन वादळाचं सांग. निस्तं धुतलेली गाडी बघून सांगू नको."

हसत फोन ठेवला. पाऊस कधी येणार हे आता सगळ्यांनाच आधी कळतं. त्या वैशाखात तर ते आम्हांलाही आधी कळलं होतं. माणसं येतील हे मात्र कळलं नव्हतं, आणि ती आली होती.