सासूबाईंचा चष्मा

पुस्तक लिहिणं हे एक काम आणि ते लोकांच्या गळी उतरवणं हे दुसरं. पहिलं काम तिने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून, पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कित्येक वर्षांत कसंबसं तडीस नेलं. दुसरं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. प्रकाशकाने जाहिरातीचा विषय निघताच हात वर केले होते, आणि ही स्वतः इतकी भिडस्त की कुणी पुस्तकाचं नाव विचारलं तरी कानापर्यंत लाल व्हायची.

सासूबाईंना असली भीडभाड ठाऊक नव्हती. 'आमच्या सूनबाईंनी कादंबरी लिहिलीय' हे वाक्य त्यांनी बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, जिन्यात भेटलेल्या नळदुरुस्तीवाल्याला, जो सापडेल त्याला ऐकवलं. त्यामुळे सगळा परिसर तिला सूनबाईच म्हणू लागला. पिशवीत चार प्रती घालून सासूबाई निघायच्या आणि रिकामी पिशवी हलवत परत यायच्या.

"आई, तू स्वतः तरी वाचलंस का?" त्यांचा मुलगा चिडवायचा.

"डोळे नीट होऊ देत, एका बैठकीत संपवते. आणि जेवण चांगलं झालंय हे वासावरूनही कळतं बरं!"

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नवा नंबर निघाला होता. जुन्या चष्म्यातून मुखपृष्ठावरचं सुनेचं नाव तेवढं दिसायचं. आतली अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. नवा चष्मा अर्थात सूनबाईच्याच दुकानात टाकलेला. घरी विषय निघाला की ती म्हणायची, "काच बाहेरून यायचीय, आई." खरं म्हणजे काच केव्हाच आली होती. सूनबाईने स्वतःच्या हाताने ती फ्रेममध्ये बसवली होती, आणि तो चष्मा तिच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये डबीत पडून होता.

कारण होतं पुस्तकातलं एक प्रकरण.

सासरे गेले त्या दुपारी ती जेवायच्या सुट्टीत घरी आली होती. आजारी सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून तिला पलंगावरचे त्यांचे पाय दिसले, आणि शेजारी खुर्चीवर मांडीत ताट घेऊन जेवत बसलेल्या सासूबाई दिसल्या. हळूहळू, शेवटच्या घासापर्यंत. ती पाऊल न वाजवता गॅलरीत गेली. थोड्या वेळाने हाक आली, "अगं, हे गेले." मग सासूबाई डॉक्टरांना सांगताना तिने ऐकलं, की जेवण वाढून आत नेलं तेव्हाच श्वास थांबला होता. म्हणजे ही बाई मेलेल्या नवऱ्याशेजारी बसून पोटभर जेवली! ते दृश्य तिच्या मनातून जाईना. कादंबरी लिहिताना तिने घर बदललं, माणसांचे धंदे बदलले, पण ताट तसंच राहिलं.

आणि वाचकांनी नेमकं तेच उचलून धरलं. रेडिओवर विचारलं गेलं, वर्तमानपत्राने विचारलं, "ही म्हातारी इतकी थंड कशी?" सूनबाईचं उत्तर ठरून गेलं होतं, "काही माणसं आतून कोरडीच असतात." ते छापूनही आलं. रेडिओवरची मुलाखत लागली तेव्हा सासूबाई पिशवी घेऊन बाहेर होत्या आणि छापलेलं बारीक अक्षरात होतं, म्हणून ती बचावली.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. गावच्या वाचनालयाने सूनबाईचा कार्यक्रम ठरवला आणि त्याचं पोस्टर काचेवर लावायला सासूबाई थेट दुकानात हजर झाल्या. सूनबाई आतल्या खोलीत गिऱ्हाइकाचा नंबर तपासत होती. मालक म्हणाले, "मावशी, तुमचा चष्मा केव्हाचा तयार आहे. सूनबाई न्यायलाच विसरतात." आणि त्यांनी ड्रॉवर उघडला.

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई नाकावर नवा चष्मा चढवून पोस्टर मोठ्याने वाचत होत्या.

"काच आली म्हणायची एकदाची," सासूबाई म्हणाल्या, आणि पोस्टर लावून निघून गेल्या.

पुढचे दिवस सासूबाई खिडकीशी बसून ओळीखाली बोट ठेवत वाचत राहिल्या. सूनबाई जाता-येता चोरून बघायची, खूण कुठल्या पानावर सरकलीय ते. एका संध्याकाळी पुस्तक मिटलेलं दिसलं. त्यानंतर प्रतींची पिशवी खुंटीवरून खाली उतरली नाही. माफी मागावी असं सूनबाईला दहादा वाटलं, पण लिहिताना धावणारी तिची भाषा बोलायच्या वेळी पार आटून गेली.

कार्यक्रमाला वाचनालय बऱ्यापैकी भरलं. सासूबाई पहिल्या रांगेत, चष्मा लावून. ग्रंथपालबाईंनी अपेक्षेप्रमाणे तेच प्रकरण मागितलं.

"आज दुसरं काही वाचते," सूनबाई पानं उलटत म्हणाली.

"तेच वाच," पहिल्या रांगेतून आवाज आला. "लोक त्यासाठीच आलेत."

तिने वाचलं. शेवटच्या घासापर्यंत वाचलं. मागून एका गृहस्थांनी ठरलेला प्रश्न विचारला. ठरलेलं उत्तर जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

परतताना दोघी चालत निघाल्या.

"फटीतून बघितलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"तरीच म्हटलं, एकच ताट कसं लिहिलं हिने. दोन होती. त्यांचं उशाशी, स्टुलावर ठेवलं होतं. दाराआड गेलं असेल."

सूनबाई जागीच थांबली.

"जन्मभर पाळीची नोकरी केली त्यांनी. मी जेवायचे तेव्हा ते कामावर, ते जेवायचे तेव्हा मी झोपलेली. त्या दिवशी सकाळी म्हणाले, आज एकत्र जेवू. वाढून नेलं, तर संपलेलं सगळं. तुम्हाला हाक मारली असती तर घर माणसांनी भरलं असतं, ते सगळ्यांचे झाले असते. म्हटलं, एवढं एक जेवण माझं. घास उतरत नव्हता, पण संपवला. ताटात टाकलेलं त्यांना खपायचं नाही."

"आई, तुम्ही कधी बोलला का नाहीत?" सूनबाईला रडू आवरेना.

"कुणी विचारलं का? रेडिओवाले तुला विचारत होते." सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "पुस्तक चांगलंय. माझं खोकणंसुद्धा हुबेहूब उतरलंय. उद्या पिशवीत प्रती भरून ठेव."

"पण ते प्रकरण..."

"राहू दे. लिहिलंस ते लिहिलंस. मला राग त्याचा नाही." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे नीट बघितलं. "तू दाराशी उभी होतीस. दार नुसतं लोटलेलं होतं. आत यायचं होतंस गं. मी एकटीच होते."