उभं करायचं मशीन

पेणच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात पेशंटला खुर्चीतून उभं करायचं मशीन आलं आणि महिन्याभरात इतके किस्से साचले, की रोह्याला परतताना एसटीत मी एकटीच हसायचे. शेजारची बाई जरा सरकून बसायची.

मी तिथली नवी फिजिओथेरपिस्ट. मशीन तसं सोपं. पाय खालच्या फळीवर, गुडघे गादीला टेकवून, पाठीमागून काखेखाली पट्टा. पंप मारला की माणूस हळूहळू उभा!

* * *

पहिली ट्रायल माझ्यावरच. वॉर्डातल्या सुलूमावशींनी पंप मारून मला उभं केलं आणि नेमका चहा आला. "थांब गो बाय, निवल तो," म्हणत त्या गेल्या. मी पट्ट्यात अडकलेली. डॉक्टर राउंडला आले, मला नीट न्याहाळून म्हणाले, "सुधारणा आहे."

* * *

पट्ट्याचे हुक मी तीनदा तपासते. तरी धाकधूक. तान्हं बाळ रोह्याला सासूबाईंकडे, म्हणून दुपारी एसटीडी बूथवरून घरी फोन: "आई, पाळण्याची दोरी बघितलीत ना?"

सासूबाई म्हणाल्या, "अगो, पाळणा हाय तो. विमान नाय."

* * *

जनूकाका मिठागरावर गोणी वाहणारे. अर्धांगाने डावी बाजू गेलेली, दोन महिने आडवे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत पायावर भार घेतला तर पुढे बघू. नाहीतर आडवेच घरी न्यावे लागतील."

पट्टा बघून काका म्हणाले, "गोण बांधता व्हय माजी?"

"गोण आपण होऊन उभी राहत नाही, काका. तुम्हाला राहायचंय." हे मी इतक्या ठामपणे कसं म्हटलं, देव जाणे.

* * *

खंडेनवमीला मावशींनी हौसेने मशीन पुजलं. झेंडूची माळ, आणि पायाच्या फळीवर कुंकवाचं मोठ्ठं स्वस्तिक. काका पाय ठेवेनात. "द्येवाला पाय लावू? मी नाय."

दसरा उद्यावर. मी स्नायू, सांधे, सगळं शास्त्र सांगून बघितलं. पाय घसरेल म्हणून कुंकू पुसायला वाकले, तर मावशीच आडव्या आल्या.

तेव्हा कोपऱ्यातून काकांची बायको यमुनाबाई बोलली, "मिठागरात उतरताना पयलं पाया पडता, मंग दिवसभर तुडवता. हितं काय येगळं हाय?"

काकांनी धडधाकट हाताने फळीला नमस्कार केला. मावशी बाजूला झाल्या. मी कुंकू पुसलं, हुक चौथ्यांदा तपासले, पंप मारला. डावी टाच फळीवर दाबली गेली. काका उभे!

जेमतेम त्यांच्या खांद्याला लागणारी यमुनाबाई मान वर करून बघतच राहिली.

"इसरलेच व्हते गो बाय," ती मला म्हणाली, "येवढा उंच हाय ह्यो."