कस्तुराबाईची डेग आणि वीतभर कमी माळा

कंधारच्या त्या गल्लीत कस्तुराबाईपेक्षा तिच्या डेगेला मान जास्त. माहेराहून आंदणात आलेली तांब्याची डेग, अख्ख्या पंगतीचा भात एका वाफेत काढणारी! कुणाकडं लग्न असो, बारसं असो की तेरावं, दिवस ठरला की लोक थेट कस्तुराबाईच्या दारात. कार्याला मागितलेलं भांडं नाही म्हणायची सोयच नव्हती, अपशकून! मग कस्तुराबाई तोंडभर हसून ‘न्या की’ म्हणायची आणि माणसं वळली की मागं उभी राहून कडाकडा बोटं मोडायची.

आणि परत यायची ती काय अवतारात! एकदा कान वाकडा, एकदा कल्हई उडालेली. शेजारच्या रत्नम्माच्या सासऱ्याच्या तेराव्याहून आली तेव्हा तर बुडाला करपलेला भात असा चिकटलेला, की राखेनं घासता घासता कस्तुराबाई रडली. आईनं तिच्या लग्नाचा भात त्याच डेगेत शिजवला होता. आपल्या इंदूच्या लग्नाचाही त्यातच शिजवायचा, एवढी एकच गोष्ट तिनं मनात धरली होती. पण तोवर डेग धड राहील तर ना!

तिचे यजमान अण्णाराव तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. त्यांनी स्वयंपाकघरावर माळा घालायचा काढला आणि ग्यानोबा सुताराला बोलावलं. खडूनं जमिनीवर आकृत्या काढून ते कचेरीला गेले, तशी बाईनं पायानं त्या पुसल्या आणि डेगेच्या पोटावर सुतळी आडवी धरून रुंदीचं माप घेतलं.

“माळ्याचं तोंड याच्याहून वीतभर कमी ठेव.”

“कमी?” ग्यानोबा हातातली फळी खाली ठेवून म्हणाला, “मंग ही वर जानार कशी, बाई?”

“फळ्या ठोकायच्या आधी चढवू.”

“अन् उतरनार कशी?”

“उतरवायची कुणाला हाय? इंदूच्या लग्नाला एक फळी काप, झालं. आन् कुणी विचारलं तर माप तुझंच चुकलं म्हणायचं!”

ग्यानोबाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. मग सणावाराला त्याच्या घरी पुरणपोळ्या पोचवायचं ठरलं आणि माप चुकलं.

त्यानंतर कस्तुराबाईइतकी दिलदार बाई अख्ख्या तालुक्यात सापडली नसती. डेग मागायला कुणी आलं की ती स्वतः शिडी लावून द्यायची. “न्या की! म्या कवा न्हाई म्हणले?” माणूस वर चढायचा, मान आत घालायचा, डेग डोळे भरून बघायचा आणि ग्यानोबाला शिव्या घालत उतरायचा.

रत्नम्मा मात्र चिवट. तिच्या लेकीचं, गुरम्माचं लग्न निघालं तेव्हा ती म्हणाली, “ग्यानोबाला बोलीव, एक फळी कापू दे. मजुरी माझी.”

आता आली का पंचाईत! पण कस्तुराबाई कसली डगमगते? तिनं छातीवर हात ठेवला. “लग्नाच्या नावानं करवत? अगं, सोयरीक तुटंल! आमच्या माहेरी लग्नघरात विळीसुद्धा झाकून ठेवतेत.” रत्नम्मा पांढरीफटक पडली. गुरम्माच्या लग्नात भात लहान लहान पातेल्यांत शिजला. निम्मा कच्चा, निम्मा करपलेला. वऱ्हाडी कुरकुरले, आणि ताट पुढं ओढताना कस्तुराबाईला तो घास काही गोड लागला नाही. गल्लीनं मात्र करवतीचा तो नियम पक्का धरला.

मग इंदूची सोयरीक जमली, अर्धापूरच्या उद्धवशी. दुपारी गल्ली निजली की गुपचूप फळी कापून घ्यायची, असा बाईचा बेत. पण गल्ली निजेल तेव्हा ना! पापड लाटायला, शेवया वळायला बाया पहाटेपासून हजर, आणि सगळ्यांच्या पुढं रत्नम्मा. घर रिकामं असं होईचना. मुहूर्तमेढ रोवली गेली. लग्न उद्यावर आलं, तेव्हा बाया मांडवात गेलेल्या बघून ग्यानोबा शिडीवर चढला आणि त्यानं करवत लावली.

“अगं बया! लग्नघरात करवत?” रत्नम्मा किंचाळत धावली. बायांनी ग्यानोबाचे पायच धरले. “इंदूची सोयरीक तुटंल! लेकीपरीस डेग मोठी हाय का, कस्तुराबाई?” आणि खरंच रत्नम्माचे डोळे भरून आले होते. हळद लागलेली इंदू दारात घाबरून उभी.

कस्तुराबाईनं वर बघितलं, खाली बघितलं. मग मटकन पाटावर बसली. “सोड त्याला, रत्नम्मा. असा काही नियम न्हाई. म्या खोटं बोलले. माप बी ग्यानोबाचं चुकलं न्हवतं.”

“म्हणजे माझ्या गुरम्माच्या लग्नाला कच्चा भात…”

“हाव.”

शिडीवरचा ग्यानोबा तेवढा गालात हसला. मग रत्नम्मानं पदर खोचला आणि म्हणाली, “काप रे! आता ह्या बाईच्या लेकीचा भात मीच शिजवते, करपला तर बघा!”

करपला नाही. वाफ निघाली तशी कस्तुराबाईला आई आठवली आणि ती सगळ्यांदेखत रडली.

लग्न उरकल्यावर तिनं डेगेला नवी कल्हई करून घेतली आणि ती रत्नम्माच्या ओसरीवर नेऊन ठेवली. “तुझं वाईट केलं म्या. आजपासून ही तुझ्याकडं राहू दे. गल्लीला तूच देत जा.” रत्नम्मानं तिला मिठीच मारली.

लग्नसराई सरली. एके सकाळी ग्यानोबा खांद्यावर करवत टाकून दारावरून चालला होता.

“कुठं रे?” कस्तुराबाईनं हाक मारली.

“रत्नम्माकडं. माळा घालायचाय.”

“आन् तोंड केवढं ठेवायचं?”

ग्यानोबानं खिशातून सुतळी काढून दाखवली. “वीतभर कमी. पुरणपोळ्यांचं आधीच बोलून घेतलंय.”