मास्तरांचा रोजचा चांगला शब्द

मास्तरांना रक्तदाब निघाला, याचा सगळ्यात जास्त राग आला तो मास्तरांनाच. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतलेला शिंपी माणूस. आपल्या दंडाला कोणी पट्टा गुंडाळावा हे त्यांना मुळीच पटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मात्र आकडा पाहून भुवया उंचावल्या आणि गोळ्यांबरोबर एक कागद हातात ठेवला. आयुष्य सुधारणाऱ्या बारा छोट्या सवयी त्यावर छापलेल्या होत्या.

मास्तरांनी तो दुकानातल्या टेबलावर पसरला आणि अंगाला तोशीस पडेल अशी प्रत्येक ओळ कात्रीने उडवली. अर्धा तास चालणं गेलं, मीठ कमी करणं गेलं, लवकर उठणं तर पहिल्याच फटक्यात गेलं. शेवटी दोनच पट्ट्या उरल्या. उठल्याबरोबर पेलाभर पाणी प्या, आणि रोज एका माणसाला मनापासून एक चांगला शब्द बोला.

"हे जमेल," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "बोलायला काय लागतं?"

काय लागतं ते बायकोला चांगलंच माहीत होतं. दुकानात माणसं दोन, मास्तर कापणार आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवणार. दोघांमध्ये चार हातांचं अंतर आणि नऊ वर्षांचा अबोला. कुणाच्या तरी लग्नाचा कोट खांद्यात आवळ झाला होता, नवऱ्यामुलाचा बाप दुकानात येऊन तणतणला होता, आणि मास्तरांनी सरळ भावाकडे बोट दाखवलं होतं. धाकट्याने तेव्हा मशीन चालूच ठेवलं, बोलणं तेवढं बंद केलं. मास्तरही काही कमी हट्टी नव्हते. तेव्हापासून जे सांगायचं ते कापडाच्या उलट बाजूला खडूने लिहायचं. 'कॉलर कडक.' 'खिसा एकच.' 'घाई.' धाकटा वाचायचा आणि बरोबरची खूण करायचा. कामाचा खोळंबा कधी झाला नाही, हे दोघांनाही मोठं भूषण वाटायचं.

आता धाकट्याला तयार कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. ही बातमी धाकट्याकडून त्याच्या बायकोला, तिच्याकडून मोठ्या जावेला, अशी फिरून मास्तरांपर्यंत आली.

"पंधरा दिवसांनी जाणार तो," बायको म्हणाली.

"मला काय त्याचं?" मास्तर म्हणाले आणि लागोपाठ दोन पेले पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवसापासून चांगला शब्द सुरू झाला. पहिल्या दिवशी त्यांनी बायकोच्या चहाची तारीफ केली. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग पोस्टमनला त्याचे बूट छान आहेत म्हणून सांगितलं. पोस्टमनने खाली वाकून आपले फाटके बूट पाहिले आणि पुढचे दोन दिवस पत्रं शेजारच्या दुकानात टाकली. आठवडाभरात मास्तरांच्या ओळखीची माणसं संपली. एकच उरला, आणि तो समोरच बसला होता.

त्या दिवशी शर्टाच्या कापडावर त्यांनी 'कफाला दोन बटणं' असं लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'कालची काजं चांगली.' ते पुसलं. पुन्हा लिहिलं आणि विचार बदलायच्या आत गठ्ठा पलीकडे सरकवला. धाकट्याने वाचलं. मशीन जरा थांबलं, मग चालू झालं. खूण मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशी 'शिवण सरळ.' मग 'पट्टी छान बसली.' एकदा तर 'हात साफ आहे तुझा.' धाकट्याच्या चेहऱ्यावरची रेष हलेना. मास्तर रोज परीक्षेला बसत होते आणि निकाल काही लागत नव्हता.

शेवटचा दिवस उजाडला. शाळेतल्या एका बाईंचा लोकरी कोट बेतायचा होता. मास्तर खडू घेऊन उभे राहिले. 'जाऊ नकोस' हा काही चांगला शब्द नव्हे, आणि दुसरं काही सुचेना. त्याच विचारात हात चालत राहिला. कोट कापून झाला आणि गठ्ठा एक अक्षरही न लिहिता पलीकडे गेला.

धाकट्याने कापड उलटसुलट करून खडू शोधला. मग दोन्ही बाह्या एकीवर एक ठेवल्या, फिरवून पाहिल्या, परत ठेवल्या.

"दादा," तो म्हणाला, "दोन्ही बाह्या डाव्याच कापल्यास तू."

मास्तरांनी टेबलाची कड धरली. तू उलटं धरलं असशील, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मोठ्या कष्टाने त्यांनी ते गिळलं.

"चुकलो," ते म्हणाले. "त्या लग्नाच्या कोटाचा खांदाही मीच कमी कापला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मलाही. शिवला कुणी होता?"

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील."

मग दोघेही कापडावर घसरले. उरलेल्या तुकड्यात उजवी बाही बसते की नाही, यावरून अशी जुंपली की समोरचा औषधवाला चौकशीला आला. बाही शेवटी बसली, कोपराखाली जोड देऊन.

संध्याकाळी धाकट्याने पिशवी उचलली. "उद्या कारखान्यात जाणारच आहे मी, सही केलीय. पण सुटलो की साडेसहाला इकडे येईन. काजं ठेव माझ्यासाठी."

"ठेवतो," मास्तर म्हणाले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "तुझ्यासारखं काज मला जन्मात जमलं नाही रे."

धाकटा दारातच थांबला. त्याने पिशवी खाली ठेवली.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.