खुब्यावरचा ठिपका

आमच्या विभागात ताईंचा असा दरारा की डॉक्टरसुद्धा आत येताना आवाज खाली घेतात. ताई हाडांचं स्कॅन करतात. इंजेक्शनने किरणं सोडणारं औषध द्यायचं, ते हाडांत मुरेपर्यंत थांबायचं, लघवीला पाठवायचं आणि मग यंत्राखाली झोपवायचं. जिथे काही बिघडतंय तिथे औषध जास्त साचतं आणि पडद्यावर ठळक दिसतं. लहान मुलांच्या खुब्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजू लागली तर एक्स-रेच्या कितीतरी आधी इथे सुगावा लागतो. मी बाहेर काउंटरवर नंबर देते, पण ताईंच्या तोंडून ऐकून ऐकून माझंही पाठ झालंय.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. खुब्याचं ऑपरेशन होऊनही तिचं दुखणं थांबत नव्हतं. पडद्यावर त्याच खुब्याशी ठळक ठिपका उमटला. आता हे औषध लघवीतूनही बाहेर पडतं, त्यामुळे चड्डीला थेंब लागला तरी अगदी तसाच ठिपका येतो. मुलांच्या बाबतीत हे नेहमीचंच. ताईंनी वाकून तिला सांगितलं, होतं असं, त्यात लाजायचं काय. मुलगी म्हणाली, मला शू नाही झाली. पुन्हा म्हणाली. ताईंनी हसून गालगुच्चा घेतला.

खरं तर कपडे बदलायला लावून दुसरा फोटो घ्यायला हवा होता. पण चारचौघांत पोरीची शोभा नको, म्हणून ताईंनी तो घेतला नाही. डॉक्टरांना सांगितलं, ओल्या कपड्याचा डाग आहे. इतक्या वर्षांचा मुरलेला हात. डॉक्टरांनीही मान डोलावली. मला ताईंचा अजून राग येतो. दया खोटी असती तर कमी आला असता.

काही महिन्यांनी त्या मुलीच्या साध्या एक्स-रेतच दिसलं. कूर्चा झिजून सांध्यातली फट निम्मी उरली होती. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी सगळं वाचलंच असतं असं नाही. ताईंच्या गळी ते उतरलं नाही. त्यांचा डबा भरलेला परत जाऊ लागला. आता जरा शंका आली की ताई मुलांचे कपडे बदलायला लावतात, मुलांच्या आया कुरकुरतात, ताई ऐकून घेतात. फक्त त्या मुलीला आणि तिच्या आईला खरं सांगायचं मात्र त्यांना जमेना. भेटतील तेव्हा सांगेन, म्हणायच्या. त्या कधी येऊच नयेत असंही त्यांना वाटत असणार.

त्या आल्या. मुलीच्या काखेत कुबडी होती. तिची आई आणि मी दारातच उभ्या होतो. ताईंनी काही बोलायच्या आत मुलीने पिशवीतून घडी घातलेली चड्डी काढली आणि खाली बघत म्हणाली, "मी या वेळी दुसरी आणलीय. मागच्या वेळी माझ्यामुळे फोटो बिघडला ना? म्हणून पाय असा झाला."

ताई स्टुलावर बसल्या. रडू आवरण्याच्या भानगडीतही पडल्या नाहीत.

"तू कोरडीच होतीस गं," त्या म्हणाल्या. "दोनदा सांगितलंस मला. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

मुलगी आईकडे वळली.

"बघ," ती म्हणाली. "तुलाही घरी मी तेच सांगत होते, मी कोरडीच होते."