उभं करणारी सुई

फोन आला तेव्हा पांडे चाचींचा कुत्रा शेरू दवाखान्यात टेबलावर होता आणि मी त्याचं डोकं धरून आत्याची वाट पाहत होते. फोन तिच्या सिविल लाइंसमधल्या शेजारणीचा. "बिटिया, डॉक्टर जिज्जी नहीं रहीं…" आत्या सकाळी अंघोळीला जाता जाता कोसळली म्हणे. खरं सांगते, आधी दुःख झालंच नाही. भीती वाटली. शेरूच्या पाठीत सुया आता कोण टोचणार?

तसं पाहिलं तर मीच. आत्यासारखीच मीही जनावरांची डॉक्टर, अ‍ॅक्युपंक्चर रीतसर शिकलेली. पण पाच वर्षं तिच्या दवाखान्यात मी नुसती डोकी धरली. सुई केसाएवढी, तरी ती कण्याजवळ न्यायची म्हटलं की मी ती आत्याच्याच हातात द्यायचे. आत्या म्हणायची, "कागदावर डॉक्टर आहेस गं, हातानं कधी होणार?" मी चहा ठेवायला पळायचे.

शेरूचे मागचे पाय कण्याच्या दुखण्यानं गेले होते. त्याला पांडे चाचींनी आणलं, तेव्हा आत्या सहज म्हणाली, "सुई लगेगी." इकडे सुई म्हणजे इंजेक्शन, आणि पाय गेलेल्या कुत्र्याला सुई म्हणजे शेवटचीच. चाचींनी त्याला छातीशी धरलं. "नईं जिज्जी, अबै तो रोटी खात है…" आत्याला चूक कळली. ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि त्यांच्याच बुंदेलीत म्हणाली, "मारबे की नईं, ठाड़े करबे की सुई है." मारायची नव्हे, उभं करायची. पण चाचींच्या घरच्यांनी मुदत घातली होती. दहा खेपांत उठला नाही, तर ती दुसरी सुई. आत्या गेली तेव्हा सहा झाल्या होत्या, आणि शेपूट तेवढी हलू लागली होती.

तेराव्यानंतर चाची पुन्हा आल्या. "तुम कर लोगी न, बिटिया?" मी हो म्हटलं आणि लगेच पस्तावले. माझा कोट धुवायला गेलेला, म्हणून आत्याचा चढवला. घामेजलेला तळवा पुसायला उजवा हात खिशात घातला, तर बोटं आरपार गेली. आतलं कापड पार विरलेलं. डावा खिसा मात्र धडधाकट. सुई उचलण्याआधी आत्या क्षणभर हात खिशात घालायची, मला ती तिची ऐट वाटायची… बाई आयुष्यभर घाम पुसत होती. त्या दिवशी, कुत्र्यासमोर, मला पहिल्यांदा रडू आलं. मग मी सुई टोचली.

नवव्या खेपेला शेरू डुगडुगत उठला, चार पावलं चालला आणि बसला. घरच्यांनी त्या दुसऱ्या सुईचं नाव काढणं सोडलं. चाची परवा म्हणाल्या, "लाओ, जेब सिल दें." मी कोट दिला नाही. बाहेर एक म्हातारी लॅब्रॅडॉर थांबली आहे, आणि माझा तळवा आत्ताच ओला झालाय.