दुपट्टा बांधलेला बाप

यमुनाबाई वर्गात आल्या की पिशवीतून एक मळकट दुपट्टा काढत, डोक्याला गुंडाळत आणि खुर्ची सोडून जमिनीवर उकिडव्या बसत. त्या क्षणी आमच्या बाई संपत आणि आर्णीकडचा एक हट्टी बाप सुरू होई. "पोरीले कायले धाडू शाळेत? बालिष्टर व्हाचं हाये काय तिले?" यवतमाळला शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या आमच्यापैकी एकेकाने त्या बापाला पटवायचं. कोणाचीच मात्रा चालत नसे. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला; समतेवर असा बोललो की वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाप मात्र तंबाखू मळल्यासारखे हात चोळत म्हणाला, "भाषण बेस झालं, बापू. पोरगी घरीच राहीन."

"आधी कान, मंग तोंड," एवढंच बाई सांगत.

धर्मांतराला वर्ष उलटलं होतं. आर्णीजवळच्या खेड्यात सुजाता नावाच्या मुलीला बापाने शाळेतून काढलं, म्हणून बाई मला तिच्या घरी घेऊन गेल्या. हा बाप शिक्षणाचा शत्रू नव्हता. गुरुजी मुलीला दाराशी, सगळ्यांपासून वेगळं बसवत होते. "आता आमी बुद्धाचे लोक. माही पोरगी पायताणापाशी नाही बसनार," तो म्हणाला. माझं रक्त उसळलं. असल्या शाळेला आग लागो, मी म्हणालो. तो आणखी ताठ झाला. आम्हा दोघांच्या संतापात सुजाताची शाळा कायमची बुडत होती.

बाई एवढा वेळ तिच्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तुले काय वाटते वं, माय?"

तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"मले जाचं हाये," ती शेंगेकडे पाहत म्हणाली. "पण पुढच्या रांगेत."

दुसऱ्या दिवशी बाप आणि बाई तिला घेऊन शाळेत गेले. गुरुजी कुरकुरले. बाई पुढच्या रांगेत तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, तुमचं चालू द्या. शाळा सुटेपर्यंत उठल्या नाहीत. सुजाताची जागा तीच राहिली.

आमच्या वर्गात पुन्हा दुपट्टा निघाला. माझी पाळी आली तेव्हा मी बापासमोर जमिनीवर बसलो. "काका, पोरगी कुठं हाये? तिले बोलवा जरा."

बाईंनी दुपट्टा सोडला. तो बाप पहिल्यांदाच हरला होता, आणि बाई खळखळून हसत होत्या.

बाईंची वणीला बदली झाली तेव्हा तो दुपट्टा त्या माझ्या हातात ठेवून गेल्या. आता मी उकिडवा बसतो, माझे विद्यार्थी तावातावाने भाषणं ठोकतात, आणि त्यांतला कोण आधी मुलीला हाक मारतो, याची मी वाट पाहतो.